कण्याजवळच्या रक्त घडविणाऱ्या गांठी

शरीरांत कोठें गांठ आहे असें डॉक्टरांनीं सांगितलें कीं घरांतील लहानथोरांच्या मनांत एकच शब्द उभा राहतो आणि तो तोंडानें उच्चारण्यास कोणी धजत नाहीं. ती गांठ पाठीच्या कण्याजवळ असली आणि रोग्याचे पाय लटपटूं लागले असले, तर मग भीतीला पारावार राहत नाहीं. ही भीति अगदींच निराधार असते असें नव्हे. कण्याजवळच्या पुष्कळ गांठी कर्करोगाच्या असतात, आणि आपल्या देशांत क्षयरोगाच्याही पुष्कळ असतात. परंतु गांठींची एक जात अशीही आहे कीं ती शत्रूची नसून घरच्याच माणसांची आहे. तिच्यांत पू नसतो, रोगजंतु नसतात, बेफाम वाढणाऱ्या दुष्ट पेशीही नसतात. तिच्यांत रक्त घडविण्याचें काम चाललेलें असतें. ह्या गांठी कां होतात, त्या ओळखाव्या कशा आणि त्यांवर उपाय कोणते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय वैद्यकाचा असला तरी तो केवळ वैद्यांपुरता नाहीं. अशा गांठीच्या दाबानें दुबळे झालेले पाय वेळेवर उपचार झाल्यास पुष्कळदां पूर्ववत् होतात. वेळ टळल्यास ते कायमचे निकामी होण्याचा संभव असतो. ही वेळ साधणें बहुधा घरच्या माणसांच्याच हातीं असतें. म्हणून ह्या विषयाची ओळख सुशिक्षित कुटुंबांत असणें इष्ट आहे.

रक्त कोठें तयार होतें हा प्रश्न फार जुना आहे. अन्नाचा रस यकृत् व प्लीहा ह्या ठिकाणीं रंगतो आणि त्याचें रक्त होतें, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. युरोपांतही शतकानुशतकें यकृतालाच रक्ताचें उगमस्थान मानीत. १८६८ सालीं प्रशियांतील कोनिग्सबर्ग येथें अर्न्स्ट नॉयमन यांनीं आणि त्याच वर्षीं इटलींत ज्युलिओ बिझोझेरो यांनीं सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानें दाखवून दिलें कीं तांबड्या रक्तपेशींचा जन्म हाडांच्या पोकळींतील मज्जेंत होतो. तांबडी पेशी सरासरी १२० दिवस जगते. तेव्हां गेलेल्या पेशींची जागा भरून काढण्यास नव्या पेशी अखंड लागतात, आणि निरोगी प्रौढ माणसाची मज्जा दर सेकंदास सुमारें २० लक्ष तांबड्या पेशी घडविते.

परंतु मज्जा हें रक्ताचें पहिलें घर नव्हे. गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो तेव्हां त्याचें रक्त त्याला जोडलेल्या एका लहानशा पिशवीच्या भिंतींत तयार होऊं लागतें. पुढें हें काम यकृत् आणि प्लीहा ह्यांच्याकडे येतें. पांचव्या महिन्याच्या सुमारास तें हाडांच्या मज्जेकडे जाऊं लागतें, आणि जन्माच्या वेळीं मज्जा हीच मुख्य उत्पादक झालेली असते. सुश्रुताचें विधान प्रौढ माणसाला लागू पडत नसलें तरी गर्भापुरतें तें सत्याच्या बरेंच जवळ आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. जन्मानंतर कांहीं वर्षें बहुतेक सर्व हाडांत रक्त घडतें. मूल वाढतें तसतशी हातापायांच्या लांब हाडांतील तांबडी मज्जा पिवळी व चरबीयुक्त होत जाते. आणि प्रौढपणीं हें काम मुख्यतः पाठीचे मणके, बरगड्या, छातीचें मधलें हाड, कवटी आणि कमरेचीं हाडें ह्यांपुरतें उरतें. ह्या यादींत मणके आणि बरगड्या आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवावी.

आतां लग्नघराची कल्पना करावी. रोजच्या माणसांचा स्वयंपाक स्वयंपाकघरांतल्या चुलींवर होतो. पाहुणे जमूं लागले कीं त्या चुली पुऱ्या पडत नाहींत. मग प्रथम स्वयंपाकघरांतच दाटीवाटीनें आणखी चुली मांडतात. तेंही अपुरें पडलें म्हणजे परसांत चुलाणें खणतात, आणि शेवटीं माजघरांतून जाणाऱ्या अरुंद बोळांतही एखादी चूल पेटते. रक्ताची तीव्र टंचाई पडली म्हणजे शरीर असेंच करतें. प्रथम हाडांतील मज्जाच फुगते. कवटीचीं व गालांचीं हाडें जाड होतात, बरगड्या रुंदावतात. तरीही गरज भागली नाहीं म्हणजे हाडांच्या बाहेर रक्त घडूं लागतें. यकृत् आणि प्लीहा आपलें गर्भावस्थेंतील विसरलेलें काम पुन्हां सुरू करतात. पोट पुढें येतें, डाव्या बरगडीखालीं वाढलेली प्लीहा हातास लागते. हीं झालीं परसांतलीं चुलाणीं. बोळांतली चूल म्हणजे कण्याजवळची गांठ. फुगलेली मज्जा बरगडीचें किंवा मणक्याचें पातळ झालेलें कवच भेदून बाहेर सरकते, किंवा गर्भावस्थेपासून त्या जागीं निजलेल्या मूळपेशी हांक ऐकून जाग्या होतात. दोन्ही उपपत्ति शास्त्रज्ञांनीं मांडल्या आहेत. परिणाम एकच होतो. मणक्यांच्या दोन्ही बाजूंस, आणि क्वचित् कण्याच्या नळीच्या आंतही, रक्त घडविणारे मऊ गोळे तयार होतात.

अशी टंचाई पडते कशानें? कारणें अनेक आहेत. मज्जेची जागा चिवट धाग्यांनीं भरून टाकणारा मायलोफायब्रोसिस नांवाचा रोग हें एक. विदर्भांत आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणारा, तांबड्या पेशींस विळ्याचा आकार देणारा सिकलसेल रोग हें दुसरें. परंतु कण्याजवळच्या गांठींचें सर्वांत ठळक कारण थॅलसीमिया हें आहे, आणि तो समजल्यावांचून ह्या गांठी समजणार नाहींत.

अमेरिकेंतील डिट्रॉइट शहरांत थॉमस कूली ह्या बालरोगतज्ज्ञानें १९२५ सालीं आपल्या सहकाऱ्यासह कांहीं मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. मुलें पांढरीफटक, प्लीहा वाढलेली, चेहऱ्याचीं व कवटीचीं हाडें विलक्षण बदललेलीं, असें तें चित्र होतें. १९३२ सालीं व्हिपल आणि ब्रॅडफर्ड ह्या दोघांनीं ह्या रोगाला थॅलसीमिया हें नांव रूढ केलें. ग्रीक भाषेंत समुद्राला थॅलसा म्हणतात, आणि त्या वेळीं माहीत असलेले बहुतेक रोगी भूमध्यसमुद्राच्या कांठच्या वंशांतील होते. पुढें दिसून आलें कीं हा रोग भूमध्यसमुद्रापासून अरबस्तान, हिंदुस्थान आणि आग्नेय आशियापर्यंत पसरलेला आहे. जेथें हिंवतापाचा सुळसुळाट तेथें हा दोष अधिक, असें पाहून जे. बी. एस. हाल्डेन यांनीं १९४९ सालीं तर्क मांडला कीं ह्या दोषाचा एकच अंश ज्याच्या अंगीं आहे त्याला हिंवतापापासून कांहींसें संरक्षण मिळत असावें. पुढील संशोधनानें त्या तर्काला पुष्कळ बळकटी आणली आहे.

हीमोग्लोबिन म्हणजे रक्ताला तांबडा रंग देणारें आणि प्राणवायु वाहून नेणारें द्रव्य. प्रौढ माणसांत त्याच्या प्रत्येक कणांत दोन आल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. बीटा थॅलसीमियांत बीटा साखळ्या तयारच होत नाहींत किंवा अपुऱ्या होतात. जोडीदार न मिळालेल्या आल्फा साखळ्या कोंवळ्या पेशींत सांकळतात, आणि त्या पेशी मज्जेच्या बाहेर पडण्यापूर्वींच मरतात. रक्तांत प्राणवायु कमी पडतो, म्हणून मूत्रपिंडें मज्जेला निरोप धाडतात कीं आणखी पेशी हव्यात. मज्जा आणखी पेशी घडविते, आणि त्यांतील बहुतेक आंतच मरतात. चुली वाढत जातात, धूर वाढत जातो, परंतु पानांत अन्न पडत नाहीं.

दोन्ही मातापित्यांकडून तीव्र दोष आला तर मुलाला पहिल्या दोन वर्षांतच बाहेरून रक्त देणें भाग पडतें. ह्याला थॅलसीमिया मेजर म्हणतात. दोष सौम्य असेल तर हीमोग्लोबिन ७ ते १० ग्रॅमच्या आसपास राहतें आणि मूल नियमित रक्तावांचून कसेंबसें वाढतें. ह्या मधल्या अवस्थेला थॅलसीमिया इंटरमीडिया असें नांव आहे. आतां एक विलक्षण गोष्ट अशी कीं कण्याजवळच्या गांठी अधिक आजारी रोग्यांत थोड्या आणि कमी आजारी रोग्यांत जास्त आढळतात. नियमित रक्त मिळणाऱ्या मेजर रोग्यांत हाडांबाहेर रक्त घडण्याचें प्रमाण शेंकडा १ हून कमी सांपडतें, तर इंटरमीडिया रोग्यांत तें शेंकडा २० पर्यंत जातें. कारण उघड आहे. पहिल्याला बाहेरून तयार अन्न मिळतें, म्हणून त्याच्या चुली शांत असतात. दुसरा आपलें आपण भागवूं पाहतो आणि वर्षानुवर्षें चुली वाढवीत जातो. ह्या एका विरोधांतच ह्या गांठींच्या उपचाराचें सूत्र दडलेलें आहे.

अशा गांठीनें कण्यांतील मज्जारज्जूवर दाब पडल्याचें पहिलें वर्णन गाट्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५४ सालीं इटलींतील एका वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. रोगी कूलीच्या रोगाचाच होता आणि त्याची प्लीहा शस्त्रक्रियेनें काढून टाकलेली होती. त्यानंतर जगाच्या निरनिराळ्या भागांतून असे वृत्तांत येत गेले आहेत.

येथें एक खुलासा अवश्य आहे. मज्जारज्जु आणि हाडांतील मज्जा हीं नांवें सारखीं असलीं तरी त्या वस्तूंचा एकमेकींशीं संबंध नाहीं. मज्जारज्जु ही मेंदूपासून खालीं आलेली करंगळीएवढी जाड दोरी. तिच्यांतून पायांस हालण्याची आज्ञा जाते आणि पायांची संवेदना मेंदूकडे येते. मणक्यांच्या मधल्या भोंकांची मिळून जी नळी होते तींतून ही दोरी जाते. मान आणि कंबर ह्या ठिकाणीं ती नळी ऐसपैस आहे. पाठीच्या मधल्या भागांत, जेथें बरगड्या मणक्यांस जोडलेल्या असतात तेथें, ती अरुंद आहे. नेमक्या ह्याच अरुंद भागांत ह्या गांठी अधिक आढळतात. मोकळ्या जागेंत वाढलेली गांठ कोणाला त्रास देत नाहीं; म्हणूनच अशा बहुसंख्य गांठी जन्मभर मुक्या राहतात आणि दुसऱ्याच कारणासाठीं छातीचें चित्र काढलें असतां दृष्टीस पडतात. नळींत शिरलेली गांठ मात्र दोरीला चेपते.

दाब पडूं लागला म्हणजे काय होतें? उदाहरणादाखल पंचविशींतला एक तरुण घ्यावा. लहानपणापासून तो फिकट, डोळ्यांत किंचित् पिंवळी झांक, जरा चाललें कीं धाप. घरच्यांनीं त्याला अशक्त म्हणून संभाळलें, लोहाच्या गोळ्या दिल्या, गुण आला नाहीं. आतां कांहीं आठवड्यांपासून त्याची पाठ दुखते, पायांस मुंग्या येतात, चप्पल पायांतून निसटली तरी कळत नाहीं, जिना उतरतांना गुडघे दगा देतात. बेंबीखालीं स्पर्श बोथट झाला आहे. पुढें लघवी तुंबते. ही शेवटची पायरी येईपर्यंत थांबणें हा ह्या रोगांतला सर्वांत मोठा धोका आहे, कारण चेपलेली दोरी कांहीं काळ वाट पाहते, सदोदित पाहत नाहीं.

डॉक्टर अशा रोग्याच्या गुडघ्यावर हातोडी मारून पाहतात. पाय नेहमींपेक्षां जोरानें उडतो. तळव्याच्या कडेवरून रेघ ओढली तर अंगठा खालीं वळण्याऐवजीं वर उचलतो. ही खूण जोसेफ बाबिन्स्की यांनीं १८९६ सालीं वर्णिली, आणि ती दिसली कीं दोष पायांत नसून मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंतच्या वाटेंत आहे असें समजतें. मग चित्र काढतात, चित्रांत कण्याजवळ गांठ दिसते, आणि येथेंच निदानाचा खरा प्रश्न उभा राहतो.

आपल्याकडे पाठदुखी, लुळे पाय आणि कण्याजवळ गांठ हीं तीन लक्षणें एकत्र आलीं कीं पहिला संशय क्षयरोगाचा येतो. पर्सिव्हल पॉट यांनीं १७७९ सालीं वर्णिलेला कण्याचा हा रोग येथें इतका परिचित आहे कीं संशय येणें रास्तच आहे. वयस्क रोग्यांत कर्करोगाचा, तरुणांत लसिकाग्रंथींच्या अर्बुदाचाही विचार करावाच लागतो. परंतु संशयालाच निदान समजून महिनोन् महिने औषध चालविलें आणि रोग मात्र रक्ताचा निघाला, तर रोग रेड्यास आणि औषध पखालीस अशी गत होते, आणि तेवढ्या अवधींत पाय जातात.

हें टाळण्याचा मार्ग खर्चाचा नाहीं. बोटभर रक्त घेऊन केलेली साधी तपासणीच पुष्कळ सांगून जाते. हीमोग्लोबिन फार कमी, पेशी लहान व फिकट, आणि जिला अद्याप केंद्रक आहे अशी अर्धवट वाढलेली तांबडी पेशी रक्तांत फिरतांना दिसणें, हीं चिन्हें मज्जेच्या ओढाताणीचीं आहेत. प्लीहा हातास लागली, डोळे पिंवळट असले, गालांचीं हाडें वर आलेलीं असलीं, तर संशय बळावतो. मग हीमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजून दाखविणारी एच. पी. एल. सी. ही तपासणी थॅलसीमियाचें नांव निश्चित करते. म्हणून कण्याजवळ गांठ असलेला रोगी जर जुना पंडुरोगी असेल, तर गांठीकडे पाहण्यापूर्वीं रक्ताकडे पाहावें, हा ह्या निदानाचा मुख्य धडा आहे.

चित्रांचेंही साहाय्य मोठें आहे. साध्या क्ष-किरण चित्रांत ह्या गांठी मणक्यांच्या दोन्ही बाजूंस, गुळगुळीत कडांच्या, एकाखालीं एक अशा दिसतात आणि शेजारच्या बरगड्या रुंद असतात. चुंबकाच्या साहाय्यानें काढलेलें एम. आर. आय. चित्र सर्वांत उपयुक्त, कारण त्यांत गांठ, दोरी आणि दोहोंमधील दाब हीं स्पष्ट दिसतात. ह्या पद्धतीचा पाया घालणाऱ्या पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. क्षयरोगांत बहुधा मणके कुरतडलेले आणि त्यांमधील चकती नासलेली दिसते, भोंवतीं पू सांचलेला असतो. रक्ताच्या गांठींत मणक्यांची झीज बहुधा नसते आणि चकती शाबूत असते. गांठीचें वयही चित्रावरून अजमावतां येतें. काम चालू असलेली गांठ रक्तवाहिन्यांनीं भरलेली असते. काम थांबलेल्या जुन्या गांठींत चरबी किंवा लोह सांचतें आणि तिची छटा बदलते. विझलेल्या चुलींत राख उरावी तसाच हा प्रकार आहे.

गांठींत सुई घालून तुकडा काढून पाहावा, असें घरच्यांना स्वाभाविकपणें वाटतें. परंतु ही गांठ रक्तानें तुडुंब भरलेली असल्यामुळें सुईनें रक्तस्राव होण्याचें भय असतें, आणि तो अरुंद जागेंत झाला तर दाब एकदम वाढतो. म्हणून रक्ताची तपासणी आणि चित्र हीं दोन्ही एकच गोष्ट सांगत असलीं तर अनुभवी डॉक्टर बहुधा सुई टाळतात; जेथें शंका उरतेच तेथेंच ती सावधपणें वापरतात.

आतां उपचार. पहिला आणि ह्या रोगाच्या मुळाशीं जाणारा उपाय म्हणजे रक्त देणें. हीमोग्लोबिन १० ग्रॅमच्या वर नेऊन तेथें टिकविलें कीं मूत्रपिंडांचे निरोप थांबतात, मज्जेला उसंत मिळते आणि गांठ आपोआप आकसूं लागते. लग्नघरीं बाहेरून तयार अन्न आलें म्हणजे बोळांतली चूल कोणी न मोडतांही विझते. गर्भवती स्त्रीला, जिला किरण देणें वर्ज्य, हाच उपाय विशेष उपयोगी पडतो. त्याचे दोषही आहेत. परिणाम दिसण्यास वेळ लागतो. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर सुमारें २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरांत येतें आणि तें बाहेर टाकण्याची सोय शरीरापाशीं नाहीं. तें हृदयांत व यकृतांत सांचूं नये म्हणून लोह बाहेर काढणारीं औषधें जोडीला घ्यावीं लागतात.

दुसरा उपाय किरणोपचाराचा. रक्त घडविणाऱ्या पेशी किरणांपुढें फार नाजूक असतात. म्हणून एकूण १० ते २० ग्रे इतकी अल्प मात्राही पुष्कळदां पुरते. कर्करोगासाठीं बहुधा ह्याच्या दुप्पट-तिप्पट मात्रा लागते. गुण कांहीं दिवसांतच दिसूं लागतो, हा मोठा फायदा. मात्र आरंभीं सूज येऊन दाब तात्पुरता वाढूं शकतो, म्हणून सूज उतरविणारीं स्टिरॉइड औषधें बरोबर देतात. शिवाय चूल विझविली तरी पंगतीची भूक तशीच राहते. किरणांनीं गांठ गेली आणि रक्ताची टंचाई मात्र कायम राहिली, तर गांठ पुन्हां उद्भवूं शकते. किंबहुना कामांतील एक चूल कमी झाल्यानें हीमोग्लोबिन आणखी खालीं येऊं शकतें. म्हणून किरणांबरोबर रक्त देणें इष्ट ठरतें.

तिसरा उपाय शस्त्रक्रियेचा. मणक्याची मागची कमान काढून दोरीवरचा दाब तत्काळ मोकळा करतां येतो आणि गांठीचा तुकडाही तपासावयास मिळतो. पाय झपाट्यानें जात असतील आणि दिवसांचाही अवधि नसेल तेव्हां तिची निकड भासते. परंतु पंडुरोगी माणसावर, रक्तानें भरलेल्या आणि बऱ्याच लांबीवर पसरलेल्या गांठीची ही शस्त्रक्रिया जोखमीची असते, आणि गांठ पूर्ण निघत नाहीं.

चौथा मार्ग औषधांचा. हायड्रॉक्सियुरिया हें औषध गर्भावस्थेंतील हीमोग्लोबिनचें प्रमाण वाढवितें आणि मज्जेचा अतिरेकही आवरतें. पहिल्या उपायांनीं मिळालेला गुण टिकविण्यास तें कित्येक रोग्यांत उपयोगी पडलें आहे. २०१९ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेलें लस्पॅटरसेप्ट हें इंजेक्शन तांबड्या पेशींना पक्व होण्यास मदत करतें. परंतु तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांत अशाच गांठी आढळल्यामुळें, ज्याच्या गांठीवर आधींच उपचार चालू आहेत त्यानें तें टाळावें असा इशारा त्याच्या माहितीपत्रकांतच दिलेला आहे. नवें औषध म्हणजे सर्वांना योग्य औषध असें नव्हे, ह्याचें हें चांगलें उदाहरण होय. मूळ रोगच नाहींसा करणारा उपाय म्हणजे जुळणाऱ्या भावंडाची मज्जा रोपण करणें. १९८० नंतरच्या दशकापासून तो रूढ झाला असून लहान वयांत त्याला यश अधिक येतें.

ह्या उपायांपैकीं कोणता आधीं, कोणता मागाहून, ह्याविषयीं सर्वमान्य असा एकच नियम नाहीं. रोगी विरळ असल्यामुळें मोठ्या प्रमाणावर तुलना झालेली नाहीं आणि वैद्य एकमेकांच्या अनुभवांवर विसंबतात. पायांत शक्ति किती उरली आहे, दाब किती दिवसांचा आहे, हीमोग्लोबिन किती, रोगी गर्भवती आहे काय, हें पाहून मेंदू-मज्जारज्जूचे, रक्ताचे आणि किरणांचे तज्ज्ञ एकत्र बसून ठरवितात. बहुधा दोन-तीन उपाय जोडीनें योजले जातात, आणि पाय सुधारल्यावरही ठराविक काळानें पुन्हां चित्र काढून पाहावें लागतें.

महाराष्ट्राशीं ह्या विषयाचा संबंध दूरचा नाहीं. हिंदुस्थानांत थॅलसीमियाचा एक अंश अंगीं असलेल्या निरोगी माणसांचें प्रमाण सरासरी शेंकडा ३ ते ४ धरतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली ह्यांसारख्या समाजांत तें त्याहून अधिक आहे. १९४७ च्या फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणींत उतरलेल्या सिंधी निर्वासितांतून आजचें उल्हासनगर उभें राहिलें. मुंबईंत कच्छी व लोहाणा कुटुंबें पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. तथापि हा दोष एखाद्या जातीचा कलंक नव्हे, आणि तो कोणत्याही समाजांत आढळूं शकतो.

एक अंश असलेल्या माणसाला स्वतःला कांहींच त्रास नसतो. परंतु असे दोघे विवाहबद्ध झाले तर प्रत्येक गर्भधारणेंत मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो. विवाहापूर्वीं, निदान गर्भधारणेच्या आरंभीं, एकदां केलेली हीमोग्लोबिनची तपासणी हा सर्व प्रकार अगोदर सांगून जाते. सायप्रस ह्या लहानशा बेटावर सुमारें सात माणसांत एकाच्या अंगीं हा दोष आहे. तेथें १९७० नंतरच्या दशकापासून लोकशिक्षण आणि विवाहपूर्व तपासणी ह्यांची सांगड घातल्यामुळें नवीन रोगी बालकांची संख्या जवळजवळ शून्यावर आली. आपल्याकडे पत्रिकेंतील गुण जुळविण्यास जेवढा वेळ दिला जातो त्याचा अल्प भाग जरी ह्या तपासणीला मिळाला, तरी किती घरांचें दुःख टळेल!

जन्मास आलेल्या रोग्यांविषयींही समाजाचें कांहीं कर्तव्य आहे. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें थॅलसीमियाला अपंगत्वांत स्थान दिलें आहे. त्याचा लाभ रोग्यांनीं घ्यावा. त्यांचें जीवन मात्र कायद्याहून अधिक दुसऱ्याच्या रक्तावर चालतें. उन्हाळ्याच्या सुटींत महाविद्यालयें बंद होतात, रक्तदानाचीं शिबिरें थांबतात आणि रक्तपेढ्यांतील सांठा ओसरतो. ज्याच्या कण्यांतली गांठ रक्तानेंच आकसावयाची आहे, त्याचे पाय त्या महिन्यांत कोणातरी अनोळखी दात्याच्या येण्याजाण्यावर अवलंबून असतात.

घरच्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखें शेवटीं थोडकेंच आहे. जन्मापासून फिकट असलेलें माणूस अशक्त म्हणून सोडून न देतां त्याच्या फिकटपणाचें कारण शोधावें, आणि निदानावांचून लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षें देऊं नयेत. अशा माणसाची पाठ दुखूं लागली, पायांस मुंग्या आल्या किंवा चाल बिघडली, तर आठवडे न दवडतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. आणि चित्रांत गांठ दिसलीच, तर धीर न सोडतां जुने रक्ताचे सर्व कागद डॉक्टरांपुढें ठेवावे. त्या कागदांवरच्या हीमोग्लोबिनच्या आंकड्यानें पुष्कळदां गांठीचें खरें नांव कळतें.